शेवटचे तीन ठोकळे

९ जानेवारी
सकाळी मागच्या हौदाचं पाणी बदललं. तळाशी माधवचे शेवटचे तीन काँक्रीटचे ठोकळे. तो गेल्यापासून हे काम माझं. खाणीत काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबडी माती सापडते, ज्वालामुखीच्या राखेची. ती भाजून, दळून थोड्या सिमेंटऐवजी घालायची, हा त्याचा ध्यास. दळण्यात माझा मिक्सर गेला. असं काँक्रीट पाण्यात सावकाश मुरतं म्हणायचा.

११ जाने.
माधवच्या लॅबमधले सलीमभाई आले. "वहिनी, ठोकळ्यांना वर्ष झालं. आता फोडून बघू." ताकद कळायची तर यंत्रात दाबून फोडावंच लागतं. पहिल्या महिन्यातले ठोकळे पटकन फुटले, तेव्हा एक बिल्डर म्हणाला होता, "सर, स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे? नातवाच्या मुंजीला?" माधवही हसला. रात्री जेवला नाही.

१२ जाने.
हौदातून काढून पालथे ठोकळे उलटले तेव्हा दिसलं. एकावर त्याचा पंजा. आजारात हट्टाने ठोकळे भरले. उठताना तोल गेला, ओल्यावर हात टेकला. "फिनिशिंग बिघडलं" म्हणून केवढा चिडला! वाकडी करंगळी तशीच उमटलीय. त्यात बोट ठेवून बसले...
सलीमभाई म्हणाले, "दाब बाजूंवर येतो, वहिनी. वरच्या ठशाची टेस्टला अडचण नाही."
"मला आहे."
दोनच नेले.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ विकतचा.
सलीमभाईंचा फोन. दोन्ही ठोकळ्यांनी साध्या सिमेंटच्यापेक्षा जास्त दाब घेतला. "सर बरोबर होते, वहिनी." लहानपणीच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या चॅपलमध्ये जाऊन मेणबत्ती लावावीशी वाटली, इतक्या वर्षांनी.
मग चाचरत म्हणाले, "पण दोनावर रिपोर्ट होत नाही. तीन लागतात. नाहीतर तो बिल्डर परत हसेल."

१६ जाने.
दिला. ओल्या पोत्यात मीच गुंडाळला. त्याआधी वर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उतरवायला गेले. कागद भिजून फाटला.

१७ जाने.
सकाळी पुन्हा फोन. सलीमभाईंचा. "मशीनमध्ये ठेवला आणि परत काढला. माझ्याने होत नाही, वहिनी. तुम्ही या. तुम्ही म्हणाल तसं."
काय म्हणणार आहे मी? रिक्षा बोलावली, चपला घातल्या, आणि हे लिहायला बसले. बाहेरून रिक्षावाला ओरडतोय, "काकू, येताय, का जाऊ मी?"