उत्तरेचे सात चौकोन

सर, तुम्हाला लिहायला बसले, कारण तुमच्या नकाशावर विश्वास ठेवून सोमवारी त्या जुन्या गावाच्या उत्तरेला बुलडोझर चालवणार आहेत.

काल सकाळी केंब्रिजच्या माझ्या घरी एक संशोधक मुलगी आली. जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे. स्टेपच्या गवताळ प्रदेशातल्या ज्या मध्ययुगीन गावाभोवती आपण सर्वेक्षण केलं, तिथे आता तिची टीम खोदायला गेली आहे. "आंटी, मंडेला बुलडोझरनं जमीन सपाट करून कॅम्प नॉर्थला लावतोय. सरांच्या मॅपवर तिथे काहीच नाही, सो इट्स सेफ." मी चहा ओतत विचारलं, जमीन कशी आहे? "बिळंच बिळं! मार्मोट्स, सो क्यूट. दोघांना ताप आलाय, पण तो पाण्यामुळे असेल." मी किटली खाली ठेवली. म्हटलं, त्या घुशीसारख्या प्राण्यांना कुणी हात लावायचा नाही, त्यांच्यातून प्लेग पसरतो, डॉक्टरला बोलवायचं, बुलडोझर थांबवायचा. आत्ता फोन कर. "ओके, ओके, रागवू नका ना!" ती हसत होती. मी हसले नाही.

त्या सर्वेक्षणाच्या पहिल्याच दिवशी तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलं होतंत. जमिनीचे चौकोन पाडून आपण एकेक चालत खापरं शोधत होतो, आणि मी न चाललेल्या चौकोनापुढे वहीत शून्य लिहिलं होतं. "शून्य म्हणजे चाललो, पाहिलं, काही नव्हतं. चालला नाहीत तर आडवी रेघ मारा. रेघेची लाज वाटत असेल तर पुण्याला परत जा." त्या तुकडीत मी एकटीच बाई. त्यानंतर मला रेघेची फारच लाज वाटायला लागली.

उत्तरेच्या चौकोनांवर माझी पाळी आली त्या सकाळी आपली स्वयंपाकीण, तिथलीच म्हातारी, दुभाष्याकरवी म्हणाली, तिकडे आम्ही मेंढ्यासुद्धा नेत नाही. एका उन्हाळ्यात अख्खं गाव तिकडे पुरलंय. तुम्ही हसलात, "बाई, भुतांची खापरं सापडली तर तीही पिशवीत घाला."

मी वहीत पाहत पावलं मोजत चालले आहे. जुन्या गावाच्या तटाची भिंत मागे राहते. वारा पडतो. पुढे गवत एकाएकी दाट, काळपट होतं आणि जमीन पायाखाली किंचित दबते. एका बिळाच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती आहे. तिच्यात दात आहेत. दुधाचे दात, एका पोराचे नव्हेत, पुष्कळांचे. बिळातून काहीतरी शीळ घालतं. मी वळते. तिथून पुढे एक पाऊलही टाकत नाही.

भिंतीच्या आडोशाला बसून मी सात चौकोनांत सात शून्यं लिहिली. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "सगळं चाललात ना?" मी हो म्हटलं. तुम्ही पानावर सही केलीत आणि खिशातलं होकायंत्र काढून माझ्या हातावर ठेवलंत, उत्तर बाजू पूर्ण केल्याबद्दल. पुढे एका परिषदेत कुणीतरी त्या रिकाम्या उत्तरेवर शंका घेतली, तेव्हा तुम्ही उठून म्हणालात, "माझ्या विद्यार्थिनीनं ती जमीन चालून पाहिली आहे." मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

मुलीनं तिकडे टीमला फोन केला. तापातला एक जण आज उठत नाहीये, एवढंच कळलं. बुलडोझर थांबवायला त्यांना लेखी पुरावा हवा आहे. नकाशावर नाव तुमचं आहे. आता ते माझ्यामुळे खराब होईल.

आज दुपारी तिच्या हाती दिलं ते असं: सर्वेक्षणाची वही एक, हिरवा कापडी पुठ्ठा, पानं पूर्ण. उत्तरेचे सात चौकोन चाललेले नाहीत, दोष माझा, असं माझ्या सहीचं पत्र एक. होकायंत्र एक, पितळी. ते मी एकदाही वापरलं नव्हतं.