तिन्ही पाळ्यांचं एकच अक्षर

४ मार्च

सापडलं! पाणीपुरवठा खात्याच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांखाली — धरणाचं, पुराच्या वर्षीचं रजिस्टर. खात्याचा पंच्याहत्तर वर्षांचा इतिहास मी लिहितेय, पण खरं सांगायचं तर काम घेतलं ते या एका वहीसाठी. साहेबांना अर्थात हे सांगितलेलं नाही.

पुराच्या दिवशी दरवाजे उघडायचा हुकूम फोनवर आला तीनला. उघडले तीन चाळीसला. त्या चाळीस मिनिटांत पाणी धरणावरून ओसंडलं, खालच्या वस्तीतली चार माणसं गेली. ठपका धरणावर नोकरीला असलेल्या माझ्या काकांवर. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मी तेव्हा सहा वर्षांची. घरात हा विषय कधी निघालाच नाही.

आणि आज ते पान माझ्या हातात! 'दु. ३.४०, दरवाजे उघडले.' अक्षर काकांचं, मोत्यासारखं. इतका सुबक, अस्सल पुरावा तीस वर्षांच्या मास्तरकीत पाहिला नव्हता. वाईटही वाटलं. म्हणजे काका खरंच चुकले.

५ मार्च

दिवसभर नोंदी उतरवल्या. नवरा म्हणतो, "चाळीस मिनिटांसाठी चार महिने?" म्हटलं, तू स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं दुरुस्त करतोयस.

७ मार्च

मी गाढव आहे!

धो धो पावसाचा दिवस, आणि पानावर पाण्याचा एक थेंब नाही. खाडाखोड नाही. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत दर तासाला नोंद — सगळी काकांच्या अक्षरात. पाळ्या तर तीन असायच्या! मागची पानं उलटली. अख्खं वर्ष तेच अक्षर. हा माणूस झोपायचा कधी?

इतकी वर्षं पोरांकडून घोकून घेतलं — कागद कुणी लिहिला, कधी, कशासाठी, ते आधी विचारा. आणि स्वतः अक्षरावर भाळले. शरम वाटली. पण आता चैन पडणार नाही.

१० मार्च

धरणावरचे तेव्हाचे एक फिटर अजून हयात आहेत. कान गेलेत, जीभ शाबूत.

"अगं, आकडे भिंतीवर असायचे, खडूनं. ज्याची पाळी तो लिहायचा. साहेबांना रजिस्टर सुवाच्य हवं, आणि आमची अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय! मग दुसऱ्या दिवशी तुझा काका बसून सगळं उतरवायचा. चहा आम्ही पाजायचो."

"आणि भिंत?"

"पुसायची की! नव्या आकड्यांना जागा नको?"

म्हणजे खरा कागद ती भिंत, आणि ती रोज ओल्या फडक्यानं साफ! येताना बसमध्ये एकटीच हसत होते. मग वाटलं, मी आजवर जे जे 'मूळ साधन' म्हणून छातीशी धरलं, ते सगळं असंच कुणीतरी दुसऱ्या दिवशी, चहा पीत... नको. आज एवढा विचार पुरे.

११ मार्च

चौकशीचा अहवाल पुन्हा वाचला. काकांना प्रश्न एकच — 'हस्ताक्षर आपलेच ना?' उत्तर — 'होय.' संपलं! पाळी कुणाची होती, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हजेरीपट कुठेच नाही.

काका त्या दुपारी तिथे नव्हतेच, असं मला आता वाटतं. वाटतं म्हणजे, तसं असावं अशी इच्छा आहे. या दोन्हींत फरक करायला हवा, कळतं मला. तरी नाचावंसं वाटतंय! पुस्तकात छापून येईल, काकांच्या हयातीत येईल. उद्या सकाळीच जाते.

१२ मार्च

काकांनी सगळं ऐकून घेतलं. खूश झाले नाहीत. "हे छापू नकोस."

"का पण?"

"पाळी दादाची होती."

त्यांचा दादा म्हणजे माझे बाबा. तेही धरणावरच होते — आणि इतक्या दिवसांत या रोजनिशीत मी त्यांचा साधा उल्लेखही केलेला नाही!

"पाऊस वाढला तसा तुला शाळेतून आणायला गेला. फिटरनं फोन घेतला, पण दरवाज्यांची किल्ली दादाच्या खिशात. मला विचारलं, अक्षर तुझं का? होतं माझं. पुढचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तू एवढीशी होतीस गं."

काका आत्ता बोलले तेच खरं कशावरून? हा प्रश्न लगेच तोंडाशी आला. काकांसाठी रजिस्टरवर शंका घेताना किती मजा वाटत होती! आता बाबांसाठी काकांवर घ्यायची? मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

मला तो दिवस आठवत नाही. मुळीच नाही. काकांनाही तसंच सांगितलं.

१३ मार्च

आज पहाटेपासून तो दिवस आठवतोय. बाबांच्या खांद्यावर मी, डोक्यावर त्यांचा रेनकोट. मी म्हणतेय, पुलावरून चला ना, लांबून! आणि बाबा हसत हसत लांबून नेतायत.