वर्गातली तेरावी

५ मार्च, मंगळवार

भरला फॉर्म! इंग्रजी 'वाचन आणि लेखन'. मी! गेल्या वर्षी इंग्रजीत जिला नववी श्रेणी मिळाली, ती मी. नववीच्या खाली श्रेणीच नसते, नाहीतर तीही मिळाली असती.

हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीचे दोन कोर्स आहेत. 'संभाषण' आणि 'वाचन-लेखन'. डोकं ठिकाणावर असलेला माणूस 'संभाषण' घेतो. तिथे एकोणतीस जण आहेत, म्हणजे लपायला भरपूर जागा. 'वाचन-लेखन' प्यो बाई शिकवतात आणि दर आठवड्याला निबंध लिहून घेतात. तिकडे बाराच जण गेले. सगळे हुशार. आणि बारा हीच पंचाईत! पहिली श्रेणी शंभरात चौघांनाच. वर्गात तेरा असले तर ओढूनताणून एकाच्या वाट्याला येते. बारा असले तर कोणालाच नाही, मग भले पैकीच्या पैकी मार्क पडोत.

म्हणून बाईंनी मला शिक्षकखोलीत बोलावलं.

"दान्बी, तुला वाचायला आवडतं ना गं?"

"नाही."

"आवडेल."

बाहेर सेइन उभी होती. सेइन म्हणजे औषधांच्या दुकानवाल्या काकूंची मुलगी, शाळेत पहिली. तिला सोलला औषधनिर्माणच्या कॉलेजात जायचंय. एका विषयात जरी दुसरी श्रेणी लागली तरी दार बंद, म्हणे. ती सरळच म्हणाली — "गोड गोड बोलत नाही. तू आलीस की आम्ही तेरा होतो. म्हणून ये."

गोड बोलली असती तर मी नाहीच म्हटलं असतं.

१२ मार्च

पहिला तास. बाईंनी दोन पानी गोष्ट दिली. मला त्यातले 'समुद्र', 'तो' आणि 'नाही' एवढे शब्द कळले. सेइनने वहीच्या कडेला मला पेन्सिलीने अर्थ लिहून दिले. कोणी हसलं नाही. हसतील कसे? मी रुसून गेले तर!

१९ मार्च

कोर्स बदलायची मुदत आज संपली. ग्युतेने मला केळ्याच्या दुधाची बाटली आणून दिली. हा ग्युते शाळेत दुसरा. वर्षभरात माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

२९ मार्च

आमच्यासारख्यांना इथे 'अंथरूण' म्हणतात. आम्ही खाली पसरायचं, वरच्यांनी वर चढायचं. आधी तोंडावर म्हणायचे, आता माझ्या पाठीमागे म्हणतात. बढतीच म्हणायची!

आज भुरभुर पाऊस होता आणि माझ्याकडे छत्री नव्हती. तिघांनी छत्र्या पुढे केल्या. ग्युते म्हणाला, "भिजू नकोस, ताप आला तर परीक्षा बुडेल." सेइनच्या आईने तर दुकानातून व्हिटॅमिनच्या गोळ्यांची डबी पाठवलीय. "रोज एक घे हं बाळा," अशी चिठ्ठी वर. मी एवढी मौल्यवान आहे हे माझ्या बाबांना अजून ठाऊक नाही. ते लिलावाच्या शेडमधून मासळीचा वास घेऊन येतात, नूडल्स उकळतात, भांडं मधे ठेवतात आणि टीव्ही बघतात. वाईट नाहीत. फक्त बोलत नाहीत.

११ एप्रिल

एक गोष्ट घडली. लिहू की नको?

लिहिते. निबंधाचा विषय होता 'माझ्या घरातलं काम'. मी बर्फाबद्दल लिहिलं. शेडमध्ये बाबा बर्फाची लादी कशी फोडतात, हातोडी कुठे मारली की ती सरळ चिरते आणि कुठे मारली की नुसता चुरा होतो. आठ वाक्यं. सात चुकलेली. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. वाचताना मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. मी इथे एकवीस वर्षं आहे आणि मला हे माहीत नव्हतं."

मार्क दहात तीन. पण कागद मी ठेवलाय.

तास संपल्यावर सेइनबरोबर बंदराच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसून किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, खाल्ल्या. तिने सातही चुका समजावल्या. तिला चिडायला होत नाही का? म्हणाली, "तुला शिकवलं की मला पाठ होतं." पुन्हा खरं बोलली. हल्ली मला तिची वाट बघायची सवय लागलीय. ही सवय चांगली नाही.

२ मे

सत्राच्या मधल्या परीक्षेचे मार्क कळले. मी तेरावी. अपेक्षित.

सेइन दुसरी! यंत्रावर तपासायच्या कार्डावर एक उत्तर एका ओळीने खाली भरलं, मग पुढची चारही खाली सरकली. ग्युते तिच्यापेक्षा नऊ मार्कांनी पुढे. ती बाथरूममध्ये दार लावून बसली होती. मी दारापाशी बसून राहिले. मी आयुष्यात कधी नऊ मार्कांसाठी रडले नाही, मला त्याचं रडू तरी कुठून येणार. शेवटी म्हटलं, "जुलैच्या परीक्षेत भरून काढशील."

आतून म्हणाली, "नऊ मार्क!"

घरी तिच्या आईने जेवायला वाढलं नाही म्हणे. वाढलं नाही म्हणजे — ताट पुढे ठेवलं आणि समोर बसून एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याकडे रोजच तसं असतं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

१४ मे, मंगळवार

आईचा फोन!

आई उल्सानला जहाजं बांधतात तिथल्या खानावळीत असते. दोन वर्षं झाली. वरच्या मजल्यावर कामाच्या बायकांच्या खोल्या आहेत, आजवर चौघी एकत्र झोपायच्या. आता दोघींची एक खोली रिकामी होतेय.

"दान्बी, ये गं तू. मालकीण म्हणाली, मुलीला आण. जवळच्या शाळेत केक-पावाचं शिकवतात, मी विचारून आलेय. तुला आवडतं ना ते?"

"आवडतं."

"पण एकतीस तारखेपर्यंत सांगायला हवं. नवीन बाई येतेय कामाला, नाहीतर ती खोलीत येईल."

फोन ठेवल्यावर मी एकटीच स्वयंपाकघरात हसत उभी होते. खिडकी, दोन गाद्या, मधे आईची चप्पल — मी सगळं मांडूनही टाकलं!

१५ मे

बाबांना सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "जा की." थोड्या वेळाने — "तिकडे थंडी कमी असते."

१७ मे

सेइनला सांगितलं. आनंदाने सांगितलं, मूर्ख मी!

ती एकदम पांढरी पडली. "कधी?"

"या महिन्याच्या शेवटी."

"परीक्षा जुलैत आहे."

"हो."

"मग आम्ही बारा होऊ, दान्बी." आणि तिने माझं मनगट धरलं. "पाच आठवडे. पाच जुलैपर्यंत फक्त. मग जा. मी तुला पोचवायला येईन, तुझी पिशवी उचलेन. मी नऊ मार्क भरून काढते, नक्की काढते, पण श्रेणीच नसली तर काय काढू?"

"तोवर खोली जाईल गं."

"दुसरी मिळेल."

मला राग आला. दुसरी मिळेल म्हणे! हिच्या घरात हिला एकटीला दोन खोल्या आहेत, एक झोपायला आणि एक अभ्यासाला. मी मनगट सोडवून घेतलं आणि निघून आले. वाटेत रडले. रागाने की कशाने, ठाऊक नाही.

२१ मे

आता सगळ्यांना कळलंय. ग्युते मधल्या सुट्टीत समोर येऊन उभा राहिला. "तू जाणार असशील तर परीक्षा देऊन जा. एवढी तरी माणुसकी?" पहिली श्रेणी आता त्याला मिळणार आहे, म्हणून एवढी कळकळ. मी म्हटलं, "केळ्याचं दूध परत करू का?"

बाईंनी बोलावलं. टेबलावरच्या पेनांची जागा बदलत राहिल्या. "निर्णय तुझा आणि तुझ्या आईचा. मी काही म्हणणार नाही." मग — "जाणं जुलैत झालं तर सगळ्यांना बरं पडेल, एवढंच." आणि मग अगदी हळू, "मी तुला यात आणायला नको होतं."

त्यांच्यावर मला रागवता आलं नाही. बर्फाबद्दलचं त्यांनी वाचून दाखवलं होतं.

२३ मे

पाठ्यपुस्तकातली अख्खी एक गोष्ट आज शब्दकोशाशिवाय वाचली. कोणाला सांगू?

२८ मे, मंगळवार

मी थांबतेय.

कारण लिहून ठेवते, नंतर माझं मलाच विचारावं लागेल. आई गेली त्या दिवशी मी बसस्टँडवर 'थांब, थांब' म्हणत होते. बाबांना कधी म्हणावंसं वाटलं नाही मला 'थांब'. शाळेत तर माझं असणं-नसणं सारखंच. या जगात मला 'जाऊ नकोस' म्हणणारी पहिली मुलगी सेइन. मार्कांसाठी म्हणाली, ठाऊक आहे. पण म्हणाली. आणि रोज माझ्या समोर बसून जेवते, तिच्या डब्यातली अंड्याची गुंडाळी मला देते, ते काही मार्कांसाठी नाही. ते मला कळतं.

आईला पाच आठवडे मी नसले तरी मी तिचीच मुलगी राहीन. सेइनला मी नसले तर तिचं सगळंच जाईल. असा हिशोब केला. बरोबर आहे ना?

आज जेवताना तिला सांगितलं, "जा, कर पाठांतर. मी आहे जुलैपर्यंत." ती चमचा हातात धरून बघतच राहिली. मग माझ्या गळ्यात पडली आणि अशी रडली, अशी रडली, की सगळं जेवणघर बघायला लागलं! "सॉरी, सॉरी," म्हणत होती. मी म्हटलं, "वेडे, सॉरी काय, थँक्यू म्हण." ते काही म्हणाली नाही.

३१ मे, शुक्रवार

तीन दिवस टाळलं, आज आईला फोन केला. मागे ताटवाट्यांचा आवाज होता.

"नाही जमत आई. परीक्षा आहे."

"परीक्षा?" आई थोडी हसली. "तू परीक्षेसाठी थांबतेयस?"

"इंग्रजीची."

म्हणाली, "बरं." मग, "जेवलीस का?"

जेवले म्हटलं. जेवले नव्हते.

३ जून

नवीन बाई आईच्या खोलीत आली. आई म्हणते, घोरते फार.

७ जून

सेइन परवापासून शाळेत नाही. काल सुट्टी होती म्हणून लक्षात आलं नाही. ताप असेल. मी तिच्या आईने दिलेल्या गोळ्यांची डबी घेऊन दुकानात गेले — निम्मी उरली होती. काकू दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे ती. तू अभ्यास कर हं." बाळा म्हणाल्या नाहीत.

१२ जून

सेइन नाही. फोन बंद. बाई म्हणतात घरगुती कारण. ग्युते रोज तास सुरू झाला की मान वर करून डोकी मोजतो. पूर्वी माझ्यापाशी येऊन थांबायचा, आता तिच्या बाकाशी थांबतो.

मी तिच्यासाठी तासाच्या नोंदी काढतेय. मी! माझ्या अक्षरात, माझ्या इंग्रजीत. वाचून हसेल.

१८ जून, मंगळवार

सेइनने शाळा सोडली.

बाईंनी फळ्याकडे तोंड करून सांगितलं. सोलच्या कोणा सल्लागाराने म्हणे तिच्या आईला सांगितलं, मधल्या परीक्षेचा डाग आता निघत नाही, शाळेच्या श्रेण्या विसरा. शाळा सोडायची, पुढच्या एप्रिलला शालान्त परीक्षा बाहेरून द्यायची, आणि मग फक्त देशभराच्या प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर कॉलेज. ती सोलला गेलीसुद्धा. तिथे क्लासचंच वसतिगृह आहे.

ग्युतेने बाक इतक्या जोराने ढकललं की पडलं. "बारा!" ओरडला. "आता कोणालाच नाही!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तू! तू कशाला बसलीयस अजून?"

खरंच, कशाला?

पण मी तिच्यावर चिडले नाही. तिच्या आईच्या मनात एकदम आलं असेल, गाडीत घालून नेलं असेल, तिला मला सांगायलाही सवड मिळाली नसेल. काकू तशाच आहेत. फोन काढून घेतला असेल. नोंदींची वही पोस्टाने पाठवते. बाई पत्ता देतील.

२० जून, गुरुवार

पत्ता मागायला शिक्षकखोलीत गेले. बाई जागेवर नव्हत्या. टेबलावर सेइनचा शाळा सोडण्याचा अर्ज होता. तिच्याच अक्षरातला. सही तिची, सही काकूंची. तारीख २७ मे.

२८ला मी तिला थांबते म्हणाले. ३१ला आईला नाही म्हणाले. मधले सगळे दिवस आम्ही समोरासमोर बसून जेवलो, आणि तिने रोज मला अंड्याची गुंडाळी दिली.