एक ते चार

कोथरूड, पुणे
११ डिसेंबर १९९८

प्रिय उल्का,

सात महिन्यांनी लिहितेय म्हणून रागावली असशील. रागाव, तो तुझा हक्कच आहे. पण आधी बातमी ऐक. ऑक्टोबरात श्रीधरना पक्षाघात झाला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. तुला मुद्दामच कळवलं नाही. जिने चोवीस वर्षं प्रयोगशाळेत उंदरांचे मेंदू तपासले, तिला असली बातमी अर्धवट सांगून भागत नाही. जे गाळलं, ती नेमकं तेच विचारते.

आता घरी आणलंय त्यांना. आमची नीरजा नागपूरहून आली, पंधरा दिवस राहिली, मग मुलांच्या परीक्षा आल्या म्हणून गेली. सकाळी बायडाबाई येऊन त्यांना अंघोळ घालते. साडेदहाला ती गेली की दुसऱ्या दिवसापर्यंत घरात माझा एकटीचा आवाज. शेजारीपाजारी पहिल्या आठवड्यात रांगेने येऊन गेले. ‘काही लागलं तर सांगा हं’ म्हणाले आणि चहा मलाच करायला लावला. आता कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मला सोबतीच्या वाटतात, काय सांगू तुला.

श्रीधरांची जीभ तू ओळखून आहेस. शाळेत मुलं छडीला नाही, त्यांच्या एका वाक्याला घाबरायची. त्या माणसापाशी आता एकच शब्द उरलाय, ‘असो’. डॉक्टर म्हणाले, काहींचं असं होतं, एखादाच शब्द मागे राहतो आणि सगळ्या कामाला तोच येतो. चहा हवा, असो. पंखा बंद कर, असो. परवा खिडकीतून मांजर आलं, तर त्यालाही असो. मला इतकं हसू आलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी पोटभर रडले.

एक विचारायचं होतं. मंडईत एकदा सीताफळं निवडताना मी तुला म्हटलं होतं, रक्त अडलं तर मेंदू तिथल्या तिथे मरत कसा नाही? तू हातात सीताफळ धरून मला शिकवायला लागलीस, शेवटी ती बाई ‘ओ ताई, घेणार का फळ दाबून दाबून मऊ करणार?’ म्हणून ओरडली. तू म्हणालीस, नळ गेला की शहाणी बाई आधी धुणं थांबवते आणि हंड्यातलं पाणी पिण्यापुरतं जपते. मेंदूही तसंच करतो. रक्त अडलं की तो स्वतःच अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन सोडतो. ते पेशींना काम कमी करायला लावतं, म्हणजे उरलंय त्यात जरा तग धरता येतो. मधला भाग जातो, पण काठावरच्या पेशी वाट बघत राहतात. आणि तू बोटातली माती झटकत पुढे म्हणालीस, पण मंदे, हंडा किती वेळ पुरणार?

हे शेवटचं वाक्य दोन महिने माझ्या डोक्यातून जात नाही. डॉक्टर खूश आहेत. पाय सुधारतोय, भिंतीला धरून चार पावलं टाकतात. डॉक्टर म्हणतात, आपली औषधं पोचायच्या आधी यांच्या मेंदूनेच पुष्कळ सांभाळून घेतलं. मी मान डोलावते. पुढे काही विचारत नाही.

आमच्या घरचा नियम तुला पाठ आहे. एक ते चार झोप. तू एकदा तीनला बेल वाजवलीस आणि चारपर्यंत जिन्यात बसलीस! तो नियम पाहुण्यांना होता तसा बायकोलाही होता. एकोणचाळीस वर्षांत मी दुपारी त्यांच्या खोलीचं दार उघडलं नाही. त्या दिवशी मी बाहेर मेथी निवडत बसले होते. दीडच्या सुमाराला आत फुलपात्र पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी घासल्यासारखं झालं. मी उठलेसुद्धा, उल्का. दारापर्यंत गेले. मग मनात आलं, आता म्हणतील, ‘काय, घराला आग लागली का?’ आणि मी परत येऊन मेथीला बसले. चारला चहा घेऊन गेले, तेव्हा ते खाली पडलेले होते आणि डोळे उघडे होते. दाराकडे बघत होते.

दवाखान्यात विचारलं, कधी झालं? मी म्हटलं, चारला बघितलं. खोटं नव्हतं ते. नीरजालाही तेच सांगितलं.

गेल्या गुरुवारी राहवेना. त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. फुलपात्र, दार, मेथी, काही ठेवलं नाही. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘असो.’

त्यांनी मला क्षमा केली, की त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता, हे मला या जन्मात कळणार नाही. म्हणून हे पत्र. मी दीडला दार उघडलं असतं तर त्यांची वाचा वाचली असती का? अडीच तास त्यांचा मेंदू एकटा झुंजत होता आणि मी दाराच्या अलीकडे होते. तुझ्या उंदरांना स्मरून खरं काय ते लिही. वाईट असलं तरी लिही, मला ऐकायचंय. समजूत काढू नकोस, आणि तू तरी ‘असो’ म्हणू नकोस.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच,
मंदाकिनी