न पडलेला गोळा

प्रिय स्ट्रुअन,

आज तुझ्या मॉर्वेनला केअरनगॉर्म डोंगराच्या माथ्यावर बर्फात चालायला शिकवायला नेलं. धुक्यात बर्फ आणि आभाळ एक झालं होतं. अशा वेळी पुढे बर्फाचा गोळा फेकायचा आणि तो पडलेला दिसला तरच पाऊल टाकायचं. त्या दिवशी "ताई, पुरे तुझा पोरखेळ!" म्हणत तू न फेकताच निघालास आणि कड्यावरून खाली गेलास. मी तुला अडवलं नाही. तो गुन्हा माझाच.

आज धुक्यात तुझं लाल जॅकेट दिसलं. मी भारल्यासारखी निघाले.

"आत्या, थांब!" मॉर्वेनने आमच्या कमरांना बांधलेला दोर ओढला. "माझा गोळा पडलाच नाही! मला ओरडतेस, आणि स्वतः?"

स्ट्रुअन, यापुढे तू हाक मारलीस तरी मी आधी गोळा फेकीन.

तुझी, अजून काठाच्या अलीकडे असलेली,
इशबेलताई