बर्निसवरचं एक पान

३ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. वॉशिंग्टनमध्ये मोठी माणसं रोजनिशी ठेवतात.
वरून हुकूम आलाय. आर्थिक निर्बंधांतल्या जाणकारांना जाहिरात, मुलाखती वगैरे न करता थेट सरकारी नोकरीत घ्यायचा खास अधिकार. माझ्या वाट्याला एक जागा. मुदत ३० तारीख. उमेदवार जाणकार कसा, याचं एक पान लिहून दिलं की झालं.
माझी उमेदवार बर्निस. अकरा वर्षं आमच्याकडे कंत्राटावर. बंदी घातलेलं जहाज नाव बदलून, रंग बदलून आलं तरी ओळखते. मलाही हे काम तिनेच शिकवलं. तिचं कंत्राट याच महिन्यात संपतंय. सांगून टाकलं, जागा तुझीच. म्हणाली, तुझ्या तोंडात साखर पडो, पण आधी कागदावर सही पडू दे.

४ सप्टेंबर
पान उद्या. घाईत लिहिणं म्हणजे बर्निसचा अपमान.

९ सप्टेंबर, सकाळी ८.१०
पहिलं वाक्य लिहिलं. ‘बर्निस जाणकार आहे.’ कोरडं वाटलं. खोडलं.

१२ सप्टेंबर
आधी निर्बंधांचा थोडा इतिहास हवा. नऊ पानं झाली, त्यात बर्निस अजून आलेली नाही. कर्मचारी विभागातला कर्ट म्हणाला, अहो प्रेस्टन, चार ओळी चालतील. कारकुनी वृत्ती, दुसरं काय!

१७ सप्टेंबर
खरं लिहू? बर्निसने दुरुस्त केल्याशिवाय माझा एकही कागद आजवर वर गेलेला नाही. आता हा तिला कसा दाखवू?
दुपारी तिने डब्यातली खेकड्याची अर्धी वडी मला दिली. पानाचं काय झालं, म्हणाली. होतच आलंय, म्हणालो. मग तिने सहज सांगितलं, बँकेने देऊ केलेल्या नोकरीला कालच नकार कळवला, तुझ्या शब्दावर.

२२ सप्टेंबर, रविवार
पानासाठी दोन दिवस राखून ठेवले होते. गॅरेज झाडलं. मार्सी म्हणाली, गॅरेज लख्ख दिसलं की मी समजते, ऑफिसचं काहीतरी राहिलंय. लग्नाला वीस वर्षं झाली की बायका काहीही बोलतात.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
बर्निसच्या निरोपाचं कार्ड पिवळ्या पाकिटातून टेबलाटेबलावर फिरतंय. सगळे दोन ओळी लिहून पुढे सरकवतात. माझ्याकडे आलं, मी अडवलं. निरोप कसला? ती इथेच राहणार! घरी आणलंय. निवांत काहीतरी छान लिहीन.

३० सप्टेंबर, दुपारी ४.४०
पान झालं. एकच पान, आणि सगळं तिच्यावर. धावत कर्टकडे गेलो. म्हणाला, कागद बारापर्यंत वर जायचे होते, तुम्हाला तीन मेल केले.
बर्निस लिफ्टपाशी खोकं घेऊन उभी. गळ्यातला बिल्ला जमा केलेला. पान दिलं. उभ्याउभ्या वाचलं, पेन्सिल काढून दोन स्वल्पविराम घातले. चांगलं लिहिलंस, म्हणाली. मलाच दिलं असतंस तर दहा मिनिटांत करून दिलं असतं रे.
लिफ्ट आली तेव्हा म्हणाली, या वेळी निरोपाचं कार्ड नाही काढलं वाटतं कुणी.
लाज वाटली. अजून वाटतेय.

१ ऑक्टोबर
कार्ड आज पोस्टात टाकायचंच. सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी एक कोपरा सोडलाय. लिहिलं, ‘बर्निस, माफ कर.’
कोरडं वाटलं. खोडलं.