दादाने पाठवलेली गोळी

दि. ९ नोव्हेंबर

ती. दादा,

नमस्कार. वहिनी आणि मुले बरी असतील, असे धरून लिहितो. इथे आप्पांचे डायलिसिस नेमाने चालू आहे. अंगाची खाज तेवढी थांबत नाही. पाठीसाठी एक मऊ कंगवा वेगळा ठेवला आहे.

उन्हाळ्यात तू फोनवर त्यांना म्हणालास की हाडे दुखतात तर रोज दोन पेले दूध घ्या. मी शेजारून नको नको म्हणत होतो. आप्पा म्हणाले, "आठवी नापास, तू गप बस. शिकलेला माणूस बोलतोय." दूध सुरू झाले. गेल्या आठवड्यात त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. पडले नाहीत, पलंगावर नुसती कूस बदलली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे दुखणे जुनेच, दुधाने भर घातली. निकामी किडनी फॉस्फेट बाहेर टाकत नाही, आणि दुधात ते भरपूर. ते साचले की रक्तात कॅल्शियम कमी पडते. मग मानेतल्या चार इवल्या ग्रंथी ते हाडांतून ओढून काढतात. आप्पांच्या ग्रंथी फुगून आता आवरेनाशा झाल्या आहेत. त्या कापून काढायच्या, नाहीतर उद्या दुसरे हाड जाईल.

आप्पा सही करीनात. थोरल्याला विचार, एवढेच. तुला फोन लावत राहिलो. तू कामात असशील.

आता जे लिहायचे टाळत होतो ते. जेवणातले फॉस्फेट अडवणारी, जेवताना चावायची गोळी ते माझ्या हातून घेत नाहीत, थुंकतात. दादाने पाठवली म्हटले की चावतात. वर्षभर असेच चालले आहे. म्हणून परवाही सांगितले, दादा हो म्हणाला. लगेच सही केली. वर नर्सला म्हणाले, "हा आमचा हमाल. मुलगा बाहेरगावी असतो."

सोमवारी ऑपरेशन आहे. तोवर फोन करू नकोस. तू काही भलतेच बोललास तर ते माघार घेतील. इतके महिने तुला जमले, आणखी थोडे दिवस जमेल.

नंतर म्हणे उपाशी हाडे रक्तातले कॅल्शियम शोषून घेतात, बोटांना मुंग्या येतात, हातपाय वळतात. उशाशी सतत कुणीतरी लागते. मी बसेन. डोळे उघडून तुला विचारलेच, तर म्हणेन, दादा आत्ताच औषध आणायला खाली गेला.

ते दाराकडे बघत राहतील. बघू देत.

तुझ्याच नावाने या घरात वावरणारा,
धाकटा